पाखरीचा खूर खाली येईपर्यंत

११ जानेवारी २०२३ रोजी पाखरीच्या पहिल्या दिवसाच्या औषधांचे दोन हजार एकशे चाळीस रुपये झाले. ते धोंडुबाईंनी कमरेची पिशवी सोडून स्वतः दिले. मी पुढे केलेल्या नोटांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पाखरी ही त्यांची घोडी. रंगानं तांबूस, उंचीला बेताची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. धोंडुबाई आटपाडीच्या बाजूच्या धनगर. दिवाळी झाली की त्यांची माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात, विटा आणि कराड मागे टाकून आमच्या उंब्रजवरून पाटणकडे जातात आणि मृगाच्या सुमारास माघारी फिरतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत मिळतं, त्यांना धान्य आणि थोडे पैसे. माणसं, मेंढरं, कुत्री मिळून जो मुक्काम पडतो त्याला वाडा म्हणतात, आणि वाड्याचा सगळा संसार घोडीच्या पाठीवर असतो. तवा, परात, घोंगड्या, मेंढरांभोवती लावायची जाळी, पायांनी बांधलेल्या कोंबड्या, वर चालता न येणारी कोकरं. पाखरीनं दहा-अकरा वर्षं हे ओझं वाहिलं आणि तिची दोरी त्या सगळ्या वर्षांत धोंडुबाईंच्या हातात होती. नवरा वारल्यावर मेंढरं मुलाकडे गेली, घोडी त्यांच्याकडे राहिली.

त्या वर्षी वाडा आमच्या रानात उतरला होता. ऊस तुटून रान मोकळं झालं होतं. बोलल्याप्रमाणे मी जोंधळ्याचं पोतं पोहोचवलं. ते त्यांनी नेहमीसारखं सामानाला टेकवून ठेवलं. पाखरीनं आजवर न दिलेल्या दाण्याला तोंड लावलं नव्हतं, म्हणून तिला कोणी पायबंद घालत नसे. सकाळी पाहतात तर पोत्याची शिवण उसवलेली आणि निम्मं पोतं घोडीच्या पोटात.

पुढं जे झालं ते चालणाऱ्या माणसांच्या हातूनच व्हावं असं होतं. मेंढरानं दाणा जास्त खाल्ला, पोट फुगलं, की धनगर त्याला चालवतात. चाललं की पोट मोकळं होतं. माणसाच्या दुखण्यालाही त्यांच्याकडे पहिलं औषध तेच. धोंडुबाईंनी पाखरीची दोरी धरली आणि जुन्या रस्त्यानं चालायला सुरुवात केली. मी सोसायटीच्या कचेरीत निघालो तेव्हा त्या तारळी नदीच्या पुलाकडे जात होत्या. दुपारी जेवायला आलो तेव्हा पुलाकडून परत येत होत्या. घोडी पाय टाकताना दचकत होती. मी स्कूटर थांबवून विचारलं.

"मोकळी हुतीया, दादा," त्या म्हणाल्या. "आजून दोन फेऱ्या घातल्या की झालं."

त्या दोन फेऱ्या झाल्या नाहीत. माझ्या घराच्या फाटकाच्या आत, जिथं मी मोटार लावतो तिथं, जांभळीची सावली पडते. पाणी दाखवायला म्हणून त्यांनी घोडीला आत घेतलं आणि पाखरी तिथं उभी राहिली ती राहिलीच. पुढचे दोन्ही पाय पुढं ताणलेले, सगळा भार मागच्या पायांवर, जणू कुणी तिला तापलेल्या तव्यावर उभं केलं होतं. दोरी ओढली तर मान लांब व्हायची, खूर हलत नव्हते.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर राजेश्वरी आल्या. त्यांनी वाकून खुरावर पंजा ठेवला, खुराच्या वरची नस दोन बोटांनी दाबून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, चालवली किती? धोंडुबाईंनी सांगितलं.  मग डॉक्टरांनी त्यांना सावकाश समजावलं. दाणा जास्त झाला की पोटातलं विष रक्तात उतरतं. घोड्याच्या खुराच्या आत एक मऊ पदर असतो, तो सुजतो. त्याच पदरानं आतलं हाड खुराला धरून ठेवलेलं असतं. सुजलेला पदर सुटायला लागतो आणि अशात घोडं चालवलं तर अंगाच्या भारानं हाड आतल्या आत खाली फिरतं. लॅमिनायटिस म्हणतात याला. हाड तळवा फोडून बाहेर आलं तर मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.

"पोटाला चालणं चांगलं असेल, मावशी, खुराला नाही," त्या म्हणाल्या. "आता ही इथून पाऊलभरसुद्धा हलायची नाही."

"किती दिस?"

"खूर नवा यायला वर्ष लागतं."

धोंडुबाईंनी पाखरीच्या पायांकडे पाहिलं, मग त्या पुलाकडे. "मीच चालवली," एवढं म्हणून त्या तिथंच खाली बसल्या.

गोठा आधी बांधतात आणि मग जनावर आत आणतात. इथं जनावर आधी उभं होतं आणि गोठा त्याच्याभोवती उभा राहिला. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला आणि एकेक पाय उचलून गुडघ्याच्या खालपर्यंत भरला. महामार्गावरच्या रसवंतीवाल्यानं बर्फाच्या लाद्या दिल्या. गोणपाटाच्या पिशव्यांत बर्फ फोडून भरायचा आणि खुरांना बांधायचा, तो विरघळला की पुन्हा भरायचा. पहिले तीन दिवस हे अखंड चाललं. टीव्हीच्या दुकानातून थर्माकोलचे जाड तुकडे आणून ते तळव्याखाली चिकटपट्टीनं बांधले. वर पत्रे पडले, तीन बाजूंनी हिरवं नेट लागलं. माझी मोटार रस्त्यावर गेली. गावात विचारू लागले, शेक्रेटरी, मोटार मोडून घोडी घेतली काय?

कराडहून यंत्र मागवून डॉक्टरांनी खुराचा एक्स-रे फोटो काढला. हाड फिरलं होतं, पण तळव्याच्या आतच होतं.

वाडा थांबू शकत नव्हता. मेंढरं एका रानात किती बसवणार, आणि पुढची रानं ठरलेली. धोंडुबाईंचा मुलगा बिरदेव भाड्याच्या टेम्पोत सामान भरून निघाला. आईनं बरोबर यावं असं तो दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला नाही. मेंढरं रस्त्याला लागली. त्यांचा आवाज तारळीच्या पुलापर्यंत येत राहिला. पाखरीनं मान वर करून कान त्या दिशेला लावले आणि पुढचा एक पाय उचलून पाहिला. धोंडुबाईंनी तिच्या छातीला दोन्ही हात लावून तिला मागं दाबून धरलं. जन्मभर त्यांनी घोडीला पुढं ओढलं होतं.

माझी बायको अंजना हिनं त्यांना पडवीतली खोली झाडून दिली. धोंडुबाई आत झोपल्या नाहीत. त्यांनी घोंगडं गोठ्यात भुश्याच्या कडेला टाकलं. त्यांच्या सामानासाठी मी भिंतीला खिळा ठोकला, अंजनानं फळी मोकळी करून दिली. दोन्ही तशीच राहिली. पावसाळा सोडला तर त्या बाईनं उभ्या जन्मात एका जागी पंधरवड्यावर मुक्काम केला नव्हता. पहाट झाली की त्या उठायच्या, घोंगडं, लुगडं, ताटली, तांब्या एका गाठोड्यात घालायच्या, दोरीनं आवळून बांधायच्या आणि त्या गाठोड्यावर बसायच्या. वाड्यावर बिऱ्हाड लादायच्या वेळी बसतात तसं. मग ऊन अंगावर आलं की उठून कामाला लागायच्या. संध्याकाळी गाठोडं सोडायचं. अंजनानं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिला वाटलं या निघाल्या. ती धावत बाहेर आली.

"कुठं निघालात, मावशी?"

"कुटं न्हाई, बाय. सकाळ झाली की गाठोडं बांधायला हात मागत्यात."

काम भरपूर होतं. डॉक्टरांनी उसाचे हिरवे वाढे बंद केले होते, आणि आमच्या भागात जनावराला दुसरं काय घालतात? लोक प्रेमानं वाढ्यांची पेंडी फाटकावर ठेवून जायचे, धोंडुबाई ती उचलून शेजारच्या म्हशीला नेऊन टाकायच्या. पाखरीला फक्त वाळला कडबा, तोही बारीक करून पाण्यात भिजवायचा, गोडवा निघून गेला की निथळून घालायचा. खाली ओला झालेला भुसा काढायचा, नवा भरायचा. अंगाला सारखा खरारा, कारण उभ्या जनावराचं रक्त अडतं. हे सगळं करताना त्या तिच्याशी बोलत असायच्या, आणि ते बोलणं सगळं वाटेचं होतं. वाडा आता मल्हारपेठला असंल. आता पाटणच्या अलीकडं ती चिंच येती. तितं तुला तहान लागती, ठावं हाय मला. आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत ते ऐकू यायचं. मी रोज एकाच रस्त्यानं कचेरीत जाणारा माणूस, पण त्या उन्हाळ्यात मला कोयनेच्या अंगाची सगळी पाणवठ्याची ठिकाणं पाठ झाली.

खूर कापायला महाबळेश्वरहून दस्तगीरभाई यायचे. तिथल्या पर्यटकांच्या घोड्यांना नाल ठोकण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. एसटीनं साताऱ्याला, तिथून उंब्रजला, खांद्याच्या पिशवीत कानस आणि सुरी. पुढचा वाढलेला भाग कापायचा, टाच उतरवायची, म्हणजे आतलं हाड हळूहळू सरळ बसतं. पहिल्याच खेपेला त्यांनी खुराच्या वरच्या काठाशी, केस संपतात तिथं, एक बारीक दबलेली रेघ दाखवली. आजार झाला त्या वेळची ती रेघ. तिच्या वर जो येईल तो नवा खूर, खाली आहे तो बिघडलेला. ती रेघ खाली सरकत सरकत जमिनीला टेकली की घोडी सुटली.

"म्हंजी उसाच्या उलटं," धोंडुबाई म्हणाल्या. "हे वरनं उगवून खाली येनार."

दस्तगीरभाईंना त्यांची चेष्टा करायला आवडायचं. एकदा कानस घासता घासता ते म्हणाले, "आजी, बरी झाली की घोडी मला द्या. ओझं नाही, काही नाही. लहान पोरं बसवून तळ्याच्या काठानं फिरवीन. राणीसारखी राहील."

"फिरंल की," धोंडुबाई म्हणाल्या, "पर जाईल कुटं? तुमची घोडी दिसभर चालत्यात आन सांजंला हाय तितंच."

दस्तगीरभाई हसले. मग त्यांनी कानस खाली ठेवून तंबाखू काढली आणि धोंडुबाईंनाही दिली.

रेघ उतरत होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण होळीला ती होती तिथून अक्षय्य तृतीयेला खाली आली होती. धोंडुबाई रोज सकाळी बोट ओलं करून खूर पुसायच्या आणि पाहायच्या.

जूनमध्ये वाडा माघारी आला. बिरदेव संध्याकाळी घरी आला, सोबत त्याची बायको मंगल. मंगल आल्या आल्या सासूच्या मागं गोठ्यात गेली. बिरदेव ओसरीवर माझ्याशी आधी पावसाचं बोलला, मग मेंढरांच्या भावाचं, आणि मग धोंडुबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यानं मुद्द्याला हात घातला.

"आई, टेम्पो घेतलाय. जुनाच हाय, पर चांगला हाय. आता घोडीचं काय काम न्हाई."

"आन माजं?"

बिरदेव कपबशी हातात फिरवत राहिला. तो वाईट बोलत नव्हता. त्याची मुलगी समीक्षा गावी शेजाऱ्यांकडे राहून शाळेत जात होती. घरकुलात दोन खोल्या झाल्या होत्या. म्हाताऱ्या माणसानं नातीजवळ राहावं, उन्हातान्हात पाय ओढत का हिंडावं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते कुणालाही पटावं असं होतं. आता टेम्पो पुढं जाऊन मुक्काम टाकणार, मंगल स्वयंपाकाचं बघणार, आणि मेंढरांमागं तो आणि एक गडी. घोडीची दोरी धरायला माणूस लागणार नव्हतं.

धोंडुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पाखरी चालली तर मी चालीन," त्या म्हणाल्या. "न्हाई चालली तर तू म्हनशील तितं बसंन. मग परत तोंडातनं शबूद काडनार न्हाई."

"दिवाळीनंतर ह्याच वाटंनं येतोय. तवा चालत आली पायजे. टेम्पोत घोडी घ्यायचो न्हाई."

"कुनी मागितलंय?"

दुसऱ्या दिवशी वाडा गेला. पुढचा पावसाळा असा की आमच्या अंगणात चिखल आणि गोठ्यात कोरडा भुसा. पाखरीला ओल लागू नये म्हणून धोंडुबाईंनी सबंध अंगणातून एक चर खणला, त्यावर पाय ठेवून चालायला फळ्या टाकल्या. अंजनाची जाईजुई त्या चरात गेली. तिनं दोन फांद्या काढून डब्यात लावल्या. तोवर दोघींचं एक बस्तान बसलं होतं. दुपारी अंजना पायरीवर निवडटिपण घेऊन बसायची, या आत गोठ्यात, मध्ये नेट. धोंडुबाई आमच्या घराला हसायच्या. एवढ्या खोल्या, आणि दिवसभर सगळी एकाच खोलीत. अंजनानं एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला घर असावं असं कधी वाटलं नाही का? त्या म्हणाल्या की घर आहे की, पावसाळ्यापुरतं. दिवाळी झाली की भिंती अंगावर येतात. रात्री पडल्या पडल्या पाय आपोआप हलतात.

भाद्रपदात एका सकाळी पाखरी पुन्हा उजवा पुढचा पाय टेकेना. खूर तापलेला. ती आडवी झाली आणि उठवली तरी उठेना. रेघ निम्म्याहून जास्त खाली आली होती. डॉक्टर राजेश्वरी तालुक्याला गेलेल्या, उद्या येते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे अंजना मला उठवायला आली आणि म्हणाली, मावशींनी आज गाठोडं बांधलं नाही. मी बाहेर जाऊन पाहिलं. घोंगडं, ताटली, तांब्या पसरलेलं होतं तसंच होतं, आणि त्या घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या की बिरदेवला फोन लावा, आटपाडीची गाडी कवा असती इचारा. मी फोन लावला नाही. डॉक्टर आल्यावर लावू म्हणालो.

डॉक्टरांनी खूर चिमट्यानं दाबून पाहिला, सुरीनं तळव्याच्या एका काळ्या ठिपक्याशी कोरलं आणि राखाडी पाण्यासारखा पू उसळून बाहेर आला. आतला मेलेला भाग कुजून साचला होता, तो निघत होता. असं होतं, त्या म्हणाल्या, वाईट आहे ते बाहेर पडतंय. दुपारनंतर पाखरी उठली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाठोडं बांधलेलं होतं. धोंडुबाई त्यावर बसून तंबाखू मळत होत्या.

दसऱ्याला रेघ खुराच्या खालच्या काठाशी आली. दस्तगीरभाईंनी शेवटची कापणी केली, पाय खाली ठेवला आणि डॉक्टरांकडे पाहिलं. नवा खूर कडेला थोडा वाकडा होता, पण घट्ट होता. डॉक्टरांनी अटी सांगितल्या. पाठीवर ओझं कधीच नाही. डांबरावर आणि खडीवर नाही. दाण्याच्या जवळपासही नाही. रोज थोडं, मऊ मातीत. दस्तगीरभाईंची त्या खेपेची मजुरी धोंडुबाईंकडे नव्हती. मी खिशात हात घातला तसा धोंडुबाईंनी माझा हात मनगटाशी धरला. दस्तगीरभाई म्हणाले, राहू द्या, आजी. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ कसं द्या? माघारी येताना देते. उंब्रजवरनंच येनार की."

नेट काढलं, पत्रे उतरवले. पाखरी भुश्यातून जमिनीवर आली तेव्हा पहिली काही पावलं तिनं पाण्यात पाय घालावा तशी टाकली. धोंडुबाईंनी दोरी धरली नव्हती. त्या पुढं चालत होत्या, मागं न बघता. घोडी मागून गेली, आमच्या रिकाम्या रानात, जिथं वाडा उतरला होता तिथवर.

कार्तिकात एका दुपारी वाडा आला. आधी टेम्पो, मागं मेंढरांची धूळ. बिरदेव फाटकातून आत आला आणि पाखरीभोवती एक फेरी मारून उकिडवा बसला. एकेक खूर उचलून पाहिला. मग म्हणाला, चालव. धोंडुबाई तिला घेऊन तारळीच्या पुलापर्यंत गेल्या, तोच रस्ता, पण या वेळी डांबर सोडून कडेच्या मातीतून, आणि परत आल्या. घोडी हळू चालत होती. कुणी घाई केली नाही.

"आई, मेंढरं हिच्यापरीस भराभरा जात्यात. मागं ऱ्हाशील तू."

"मागं ऱ्हाईन. मुक्कामाला येतो आमी दोगी. भाकर झाकून ठिवा."

बिरदेवनं आईच्या हातातलं गाठोडं टेम्पोत टाकायला मागितलं. त्यांनी दिलं नाही. डोक्यावर घेतलं. अंजनानं त्यांची ओटी भरली. त्यांनी आमच्या दोघांच्या गालांवरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि निघाल्या. मेंढरं पुलापलीकडे गेली, टेम्पो तर कधीचाच दिसेनासा झाला होता. रस्त्याच्या कडेच्या मातीतून म्हातारी डोक्यावर ओझं घेऊन पुढं आणि घोडी रिकाम्या पाठीनं मागं. लोक थांबून पाहत होते. पुलाच्या मध्यावर पाखरीनं कान पुढं केले. मेंढरांचा आवाज आला असावा. धोंडुबाईंची चाल थोडी वाढली, मग घोडीसाठी पुन्हा कमी झाली.

मोटार पुन्हा जांभळीखाली उभी राहते. त्या जागेच्या फरशीच्या सांध्यांतून अजून भुसा निघतो. भिंतीवरचा खिळा आहे, त्याला अजून कुणी काही अडकवलेलं नाही. येत्या मार्चला मी निवृत्त होतो. सकाळी अंजना दार उघडून आधी तिकडे पाहते, आणि मीही.

गेल्या जूनमध्ये आम्ही वाट पाहिली. वाडा मल्हारपेठेवरून उंब्रजला न येता परभारे कराडला उतरला, तिकडचं एक रान ठरलं होतं म्हणून. मी फोन केला तेव्हा तो विट्याजवळ होता. आई कुठं आहे विचारलं. बिरदेव म्हणाला, "मागं हाय. घोडी हाय न्हवं संगट. येतीया."

दस्तगीरभाईंचे त्या शेवटच्या खेपेचे सहाशे पन्नास रुपये धोंडुबाईंनी अजून द्यायचे आहेत.